खंडेनवमीचे कार्बन

"तबकाला हात लावू नका, कासारबाई. पूजा झालीय त्याची."

दौलत गुरव हे म्हणाला तोवर मी तबकातला एक तुकडा उचललासुद्धा होता. नखाएवढा काळा कार्बन, पितळेच्या पट्टीत बसवलेला. त्यावरचं ओलं हळदकुंकू माझ्या बोटांना लागलं.

"गुरव, हे फ्रेमवरचे कार्बन आहेत?"

"मग कशावरचे? सगळे उतरवले. सकाळपासनं रॉकेलनं धुतोय आन् फडक्यानं पुसतोय. बघा की, कमळ कसं मांडलंय."

खरंच त्यानं कमळ मांडलं होतं. पितळी तबकात पाकळ्या पाकळ्या करून कार्बन रचलेले, मधे झेंडू, कडेला पक्कड आणि स्क्रू ड्रायव्हर. आमचा मेकॅनिक असला तरी तो जातीचा गुरव, घरात पिढ्यान्‌पिढ्या देवळाची पूजा. हाताला वळणच होतं.

"आणि फ्रेमवर आता काय आहे?"

"फ्रेमला हार घातलाय."

हे तो इतक्या समाधानानं म्हणाला की मला ओरडावंसं वाटलं.

बोरघळच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी तेव्हा ऑपरेटर होते. गाव घाटाच्या पायथ्याशी. हस्त नक्षत्रात दुपारी घाटावर ढग चढले की तिथं वीज कशी नाचते, ते पाहिलेल्यालाच कळेल. टेलिफोनच्या तारा त्या वेळी खांबांवरून उघड्याच यायच्या, डोंगर उतरून, शेतं ओलांडून. एक्स्चेंजमध्ये शिरल्या की आधी मागच्या खोलीतल्या लोखंडी फ्रेमवर यायच्या आणि तिथून पुढे आमच्या बोर्डावर. त्या फ्रेमवर प्रत्येक तारेला हे कार्बन बसवलेले असत आणि त्यांची दुसरी बाजू जमिनीत पुरलेल्या तारेला जोडलेली असे. तारेवर वीज आलीच तर ती कार्बनमधली फट ओलांडून जमिनीत जायची, बोर्डापर्यंत पोचायची नाही. एवढंच त्यांचं काम. ते काढून टाकले तरी फोन चालतो, बोलणं नेहमीसारखं ऐकू येतं. काहीतरी जागेवर नाही हे कुणाच्या लक्षातसुद्धा येत नाही. ट्रेनिंगमध्ये प्रत्येक ऑपरेटर मुलीला ते पहिल्याच आठवड्यात दाखवत, कारण वाचवायचा असतो तो तिचा कान.

"परत बसवा हे," मी म्हटलं. "पूजेला पक्कड ठेवा, हातोडी ठेवा, करवतीचं नवं पातं ठेवा. हे नका ठेवू."

"उद्या उत्तरपूजा झाल्याबिगर काही हलवायचं नाही, बाई. साहेबांचा हुकूम आहे. आन् शास्त्रही तेच सांगतंय. नवमीला हत्यार बसवलं की बसवलं." त्यानं माझ्या हातातला कार्बन काढून घेतला, कपाळाला लावला आणि कमळातली पाकळी पुन्हा पुरी केली. "तुम्ही हात घातलात ते बरं नाही केलंत."

मी तडक रेडकर साहेबांकडे गेले. ते त्या उन्हाळ्यातच बदलून आलेले आमचे सुपरवायझर. आधीच्या साहेबांच्या वेळी खंडेनवमीला दोन पकडींना फूल वाहून पेढे वाटले की काम झालं. रेडकरांना सोहळा हवा होता. पुढच्या खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या, फोटोग्राफर बोलावला होता, गावातली बडी मंडळी प्रसादाला येणार होती.

"साहेब, घाटावर ढग आलेत. कार्बन फ्रेमवर नाहीत."

"माहीत आहे. मीच उतरवायला सांगितलेत."

"वीज पडली तर थेट बोर्डावर येईल."

"अहो, माझ्या आधीच्या ऑफिसात आम्ही दर वर्षी करायचो. कधी काही झालं नाही." त्यांनी टायची गाठ सारखी केली. "आणि गडगडलं तर हेडसेट काढून ठेवायचा, हा नियम तुम्हाला ठाऊक आहे ना? मग?"

"निदान कोल्हापूरच्या ट्रंक लाइनचे तरी बसवा. ती डोंगरावरून येते."

"कासारबाई, फ्रेम तुमची की माझी? बोर्डाचं तुम्ही बघा." आणि फोटोग्राफरकडे वळून, "बायकांना बोर्डावर बसवलं की हे असं. उद्या डोंगर हलवा म्हणतील."

फोटोग्राफर हसला. त्याचं ते हसू मला अजून आठवतं. त्याला कार्बन म्हणजे काय हे ठाऊकही नव्हतं.

मी बोर्डावर येऊन बसले. शेजारच्या खुर्चीवर तारा माळवदे होती. माझ्याहून लहान, हंगामी लागलेली. तिला बोर्ड शिकवला मी. कॉर्ड कशी धरायची, एका वेळी तिघे ओरडत असले तर आधी कुणाला उत्तर द्यायचं, वैतागलेल्या माणसाला 'थांबा हं' कसं म्हणायचं, सगळं. आमचा डबा एकत्र, वेणीची फुलं एकत्र. ती मला विमे म्हणायची.

"साहेबांनी काय सांगितलं?"

"हार बघा म्हणाले."

ती खुदकन हसली आणि मग तिनं खिडकीबाहेर पाहिलं. उजेड पिवळट झाला होता.

त्या बोर्डावर माझा जीव होता, हे आज कुणाला सांगितलं तर खुळचट वाटेल. नंबराची छोटी झडप खट्‌कन पडायची, मी कॉर्ड खोचायची आणि समोरचा 'हॅलो' म्हणायच्या आधी श्वासावरून मला कळायचं कोण आहे ते. दवाखान्यातले डॉक्टर आधी खाकरायचे. वखारवाले आधी कुणालातरी शिवी देत असायचे आणि मग गोड आवाजात मला नंबर सांगायचे. कुणाच्या घरी मूल झालं, कुणाचा मुलगा मुंबईला पास झाला, हे गावाच्या आधी मला कळायचं आणि मी ते कधी कुणाला सांगितलं नाही. आमच्या ह्यांचं बांगड्यांचं दुकान होतं, पण बाराही महिने घरात चूल पेटायची ती माझ्या पगारावर.

पहिला गडगडाट झाला तसा मी हेडसेट काढून खुंटीला लावला. तारानंही काढला. आमचे हेडसेट एकाच कानाचे असत, मी डाव्या कानाला लावायची. झडपा पडत राहिल्या, पडू दिल्या. अशा वेळी लोक थोडे थांबत, त्यांनाही सवय होती.

तेवढ्यात रेडकर साहेब बोर्डाच्या खोलीत आले. बरोबर टॉकीजचे मालक पोरवाल शेठ, हातात पेढा. दाराशी गुरव प्रसादाचं ताट घेऊन उभा.

"कासारबाई, शेठना कोल्हापूर लावून द्या."

"साहेब, वीज चमकतेय."

"लांब आहे ती."

"कार्बन तबकात आहेत, साहेब."

शेठ म्हणाले, "बाई, दोन मिनिटांचं काम आहे हो. उद्या दसऱ्याला नवा खेळ लावायचाय आणि पिक्चरची पेटी अजून तिकडंच. एसटीत टाकली का नाही एवढंच विचारायचंय."

पिक्चरची पेटी. कुणी मरत असतं, कुणी बाळंतपणात अडलेली असती, तर मी न सांगता लावला असता फोन. आजही लावीन.

"थांबा थोडं," मी म्हटलं. "ढग सरकले की लगेच देते."

रेडकर साहेबांचा चेहरा उतरला. पाहुण्यासमोर बाई नाही म्हणाली. "हेडसेट लावा," ते म्हणाले. "मी सांगतोय ना? लावा."

मी ताराकडे पाहिलं, गुरवाकडे पाहिलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "साहेब, तुम्ही सांगताय म्हणून लावतेय."

"हो, हो. मी सांगतोय म्हणून लावा."

मी हेडसेट लावला. ट्रंक लाइनवर कॉर्ड खोचली. कोल्हापूरची मुलगी 'बोला, बोरघळ' एवढं म्हणाली.

पुढचं मला आवाज म्हणून आठवत नाही. डोक्याच्या डाव्या बाजूला कुणी कुऱ्हाड घातली असं वाटलं. बोर्डावरून निळी ठिणगी निघालेली दिसली आणि मग खोलीचं छत दिसलं, कारण मी खुर्चीसकट मागे पडले होते. ताराचं तोंड माझ्यावर उघडमीट करत होतं. ती ओरडत असावी.

*

सरकारी दवाखान्यात मला ठेवलं. कानातून रक्त आलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, पडदा फाटला तो कदाचित भरेल, पण आतली शीर गेली. डावा कान गेला तो गेलाच. उजवा शाबूत होता.

तारा रोज यायची. एकदा ती कॉटच्या उजव्या बाजूला स्टूल ओढून म्हणाली, "विमे, गंमत सांगू? सगळ्या लाइनी खरखरायला लागल्यात. पोरवाल शेठ म्हणतात, फोनमधून भजी तळल्यासारखा आवाज येतोय."

मी उठून बसले. "कार्बन कधी बसवले?"

"तुला इकडं आणलं त्याच संध्याकाळी. साहेब गुरवाच्या मागं उभेच राहिले. उत्तरपूजा नाही, काही नाही. गुरव रडत होता बसवताना."

"पुसले का?"

"काय?"

"कार्बन पुसून बसवले का?"

ताराला समजलं नाही. मला समजलं होतं. त्या फटीत ओलं हळदकुंकू गेलं होतं, म्हणून सगळ्या गावाचे फोन तळत होते.

"ऐक," मी म्हटलं. "चौकशी होणार. त्यात मी हेडसेट का लावला हे विचारतील. तू होतीस तिथं."

"होते म्हणजे? शब्द न् शब्द ऐकलाय मी. 'मी सांगतोय म्हणून लावा.'" तिनं रेडकरांसारखी मान ताठ करून ते म्हणून दाखवलं. मला त्या दुखण्यातही हसू आलं. "तू काळजी करू नकोस, विमे. मी सांगेन."

रेडकर साहेब आले ते मोसंब्यांची पिशवी घेऊन. माझ्या डाव्या बाजूला बसले आणि बोलायला लागले. आमचे हे म्हणाले, "साहेब, तिकडून ऐकू नाही येत तिला." तेव्हा ते उठून दुसरीकडे बसले.

"झालं ते वाईट झालं," ते म्हणाले. "पण आता शहाणपणानं घ्या. गडगडत असताना हेडसेट चुकून काढायचा राहिला, एवढं म्हणा. मी वर शब्द टाकतो, सौम्यपणे घेतील."

"माझ्या हातून राहिला म्हटलं तर मला कमी करतील, साहेब. एका कानाची ऑपरेटर, आणि वर तिचीच चूक. ऑफिसची चूक ठरली तर दुसरं काम तरी द्यावं लागेल."

"आणि पूजेचं काढलंत तर गुरव जाईल. मी नाही जाणार. फ्रेम त्याच्या ताब्यात असते. बघा, एका गरीब माणसाचं घर..."

"तुम्ही मला हेडसेट लावायला सांगितलंत."

"मी?" ते म्हणाले, आणि इतक्या निर्मळ चेहऱ्यानं म्हणाले, की क्षणभर मला माझाच भरवसा वाटेना.

आमच्या ह्यांनी पिशवी उचलून त्यांच्या हातात दिली. "मोसंबी न्या परत. तिला आंबट चालत नाही."

*

चौकशीला डिव्हिजनचे बेडेकर साहेब आले. शांत, बारीक आवाजाचे गृहस्थ. मला त्यांच्याकडे सारखी मान वळवावी लागत होती. एक कारकून लिहून घेत होता. रेडकर, गुरव, तारा, मी, सगळे पुढच्या खोलीत ओळीनं बसलो होतो. खंडेनवमीला पाहुणे बसले होते त्याच खुर्च्यांवर. पोरवाल शेठ बाहेरचे, खात्याच्या चौकशीत त्यांना बोलावलं नव्हतं.

रेडकर आधी बोलले. म्हणाले, फ्रेमवरचे कार्बन एक दिवसही उतरवले नव्हते. पूजा केली ती पकडींची. वीज जोराची होती, अशा विजेपुढे कार्बनही कमी पडतात. बाईंनी नियमाप्रमाणे हेडसेट काढायला हवा होता.

माझी पाळी आली तेव्हा मी उभीच राहिले. "साहेब, मागं चला आणि कुठलाही एक कार्बन काढून बघा. तुम्ही निवडाल तो."

"त्यानं काय होईल?"

"बघा तर."

बेडेकर साहेब फ्रेमशी गेले. मधल्या रांगेतला एक कार्बन त्यांनी स्वतः ओढून काढला, उजेडात धरला आणि खिशातल्या पांढऱ्या रुमालावर घासला. रुमाल लाल झाला. त्यांनी दुसरा काढला. पिवळा. कारकून लिहायचं विसरून बघत राहिला.

"हे कुंकू फ्रेमवर कसं आलं, रेडकर?"

मला वाटलं, जिंकलं. इतकी वर्षं झाली, तरी तो क्षण आठवला की छाती भरून येते आणि पाठोपाठ रागानं तळपायाची आग मस्तकाला जाते. कारण रेडकर डगमगले नाहीत.

"गुरवानं भक्तीपोटी केलं असेल, सर. मला न विचारता. मी त्याच्यावर कारवाई करीन. पण सर, नियम वेगळा आहे. कार्बन असोत नसोत, गडगडलं की हेडसेट उतरवायचा. बाईंच्याच जबाबाप्रमाणे त्यांना कार्बन नाहीत हे माहीत होतं, म्हणजे त्यांनी जास्तच जपायला हवं होतं. तरी त्यांनी लावला. का लावला, हे त्यांनाच विचारा."

माझंच म्हणणं त्यांनी माझ्यावर उलटवलं होतं.

"साहेबांनी सांगितलं म्हणून लावला," मी म्हटलं. "या दोघांनी ऐकलंय."

बेडेकर साहेब गुरवाकडे वळले. गुरव हात जोडून उभा राहिला. मला तोंडसुद्धा दाखवत नव्हता.

"कार्बन कुणी उतरवायला सांगितले?"

"साहेबांनी. मोठी पूजा मांड म्हणाले."

"बाईंना हेडसेट लावायला कुणी सांगितलं?"

"साहेबांनीच. 'मी सांगतोय म्हणून लावा' म्हणाले. मी प्रसादाचं ताट घिऊन दारात हुतो."

कारकुनानं ते लिहून घेतलं. पण गुरवाचं संपलं नव्हतं.

"आणखी एक लिहा, साहेब. बाईंनी पूजेच्या तबकात बोट घातलं हुतं. बसवलेला कार्बन उचलला. मी नको नको म्हणत हुतो. ते झालं म्हणून वीज आली, नाहीतर आली नसती."

"काय?"

"देवाला बसवलेली वस्तू हलवली, साहेब. मी घरी जाऊन कौल लावला. उजवा पडला, म्हंजे देवानं हो म्हटलं. तेही लिहा."

कारकुनानं बेडेकर साहेबांकडे पाहिलं. बेडेकर साहेबांनी लिहू नको अशी मान हलवली, आणि त्याबरोबर गुरवाचं आधीचं बोलणंही जणू त्या कागदावरून उतरलं. रेडकर हळूच म्हणाले, "सर, याच्यावरच कारवाई होणार आहे. हा माझं नाव घेणारच." त्यात खोट काढायला जागा नव्हती.

उरली तारा.

बेडेकर साहेबांनी तिला बसूनच बोलायला सांगितलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. सुटलं की पुन्हा गुंडाळायची.

"तुम्ही बोर्डावर शेजारी होता?"

"हो."

"रेडकरांनी यांना हेडसेट लावायला सांगितलं, ते तुम्ही ऐकलंत?"

"मी..." ती म्हणाली. "मी त्या वेळी पाणी प्यायला उठले होते."

"म्हणजे ऐकलं नाहीत?"

"मला काही ऐकू आलं नाही."

दोन्ही कान धड असलेली मुलगी ती.

मी म्हटलं, "तारे." एवढंच म्हटलं. तिनं वर पाहिलं नाही. रेडकरांनीही तिच्याकडे पाहिलं नाही, ते खिडकीतून घाटाकडे बघत होते, निवांत. त्या निवांतपणावरून मला कळलं की हे आज ठरलेलं नाही.

निकाल यायला दिवाळी उलटली. गुरवाला निलंबित केलं. माझ्यावर निष्काळजीपणाचा ठपका आला आणि मला कमी केलं. रेडकर जागेवरच राहिले. फ्रेमवरचे सगळे कार्बन नवे बसवले आणि गावाचे फोन तळायचे थांबले.

*

माघात एका सकाळी मी दुकानात गठ्ठे सोडत बसले होते. सासूबाई आत होत्या. पेठेतून बायकांचा घोळका आला, पुढे माळवदे काकू, मागे आत्या, मामी, आणि त्यांच्यामध्ये हळद लागायची असलेली नवरी. तारा.

माळवद्यांचे कासार आम्हीच. तिच्या आईचा चुडा माझ्या सासूबाईंनी भरलेला. लग्नाचा चुडा घराण्याच्या कासारणीकडेच भरायचा, दुसरीकडे गेलं तर गाव विचारणार, का गेलात? म्हणून आल्या होत्या.

मी उठून आत गेले. "सासूबाई, तुम्ही भरा. मी नाही भरणार."

"माझ्या डोळ्यांना आता दिसतंय का? काच बोचली तर?"

"मग ह्यांना सांगा."

"विमल," त्या म्हणाल्या, "कोण आलंय ते कळलंय मला. पण नवरी दारात आलीय. तिचा हात रिकामा परत पाठवायचा नाही. हे आपलं दुकान नुसतं दुकान नव्हे."

मी बाहेर आले. पाटावर बसले. तारा समोर बसली. मी हिरव्या बांगड्यांचा तोडा सोडला आणि तिचा हात हातात घेतला. थंडगार होता.

चुडा भरायचा तर हात सैल सोडावा लागतो. तिनं मूठ आवळून धरली होती. "हात सोड," मी म्हटलं. कासारीण म्हणते तसंच, प्रत्येकीला म्हणते तसंच.

बायका मागे गप्पा मारत होत्या. मामी कौतुकानं सांगत होती, "मुलाकडच्यांनी स्पष्टच सांगितलं होतं बाई, मुलगी नोकरीत कायम झाली तरच. नाहीतर पुण्याचं स्थळ होतं त्यांच्या हाताशी. पण साहेबांनी शब्द पाळला हो. दिवाळीच्या आधीच हातात ऑर्डर."

बांगडी ताराच्या अंगठ्याच्या हाडाशी अडली होती. मी ती तिथंच थांबवली. आता तिनं वर पाहिलं. तिचे डोळे भरले होते.

"विमे," ती एकदम हळू म्हणाली. "बाबांना दुसरा झटका येऊन गेला होता. हे स्थळ मोडलं असतं तर ते..."

"अंगठा आत घे."

"तुझ्यावर एवढं येईल असं साहेब म्हणाले नव्हते. ते म्हणाले, बाईंना दुसरीकडे लावून देतो. शपथेवर म्हणाले. मी विश्वास ठेवला."

"बोटं जुळव. काच आहे."

मी बांगडी चढवली. मग दुसरी, मग तिसरी. मला वाटलं होतं राग आला की हात थरथरतील, बांगड्या पिचतील. एकही पिचली नाही. माझा हात इतका स्थिर कधीच नव्हता. रागाला एवढा स्थिर हात असतो हे मला त्या दिवशी कळलं. दोन्ही हात कोपराकडे हिरवेगार झाले आणि तिला साधं खरचटलंसुद्धा नाही. सगळ्या म्हणाल्या, काय सुरेख भरलाय चुडा.

"एकदा तरी बोल माझ्याशी," ती म्हणाली. "शिवी दे. मार."

मी पाटाभोवतीच्या काचा, दोरा, कागद गोळा करायला लागले.

"अगं तारे, नमस्कार कर की," माळवदे काकू म्हणाल्या. "चुडा भरला की कासारणीच्या पाया पडायचं, तिचा आशीर्वाद घ्यायचा. त्याशिवाय उठू नये."

रीत तशीच आहे. नवरी वाकते, कासारीण तिच्या डोक्यावर हात ठेवते, अखंड सौभाग्यवती हो म्हणते. पोटच्या पोरीला म्हणावं तसं म्हणते. माझ्या सासूबाईंनी तिच्या आईला म्हटलं होतं, मी गावातल्या कितीतरी मुलींना म्हटलं होतं.

तारा पुढे सरकली. नव्या बांगड्या किणकिणल्या, मला त्या एका कानानं ऐकू आल्या. तिनं दोन्ही हात पुढे केले आणि माझ्या पायांवर डोकं टेकायला ती वाकली.

मी पाय मागे घेतले.